बहात्तर ठोके

२ फेब्रुवारी

प्रिय ठमे,

तुझं पत्र ट्रकवाल्याने नेहमीप्रमाणे शाळेत दिलं आणि शाळेने ते शिपायाबरोबर घरी पाठवलं, कारण मी घरी आहे. घाबरू नकोस. गेल्या आठवड्यात फळ्याचा वरचा कोपरा पुसताना स्टुलावरून पडले. घोट्याचं हाड मोडलंय, गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर आहे. प्लॅस्टर पायाला आहे, तोंडाला नाही, म्हणून नववीचा वर्ग दुपारी माझ्याच खोलीत भरतो. मुली खाटेभोवती सतरंजीवर बसतात आणि मी उशीला टेकून ओरडते. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, शाळेत निदान भिंती तरी जाड होत्या.

सध्या दोन अज्ञातांची समीकरणं चाललीत. एका मुलीने विचारलं, "बाई, समीकरण एक आणि अज्ञात दोन, म्हणजे उत्तरं अनंत. मग सोडवायचं कशाला?" प्रश्न चांगला आहे. मी म्हटलं, अज्ञात म्हणजे दूध किंवा कापड असेल तर तुझं खरं. पण अज्ञात माणसं असली तर? माणूस अर्धा नसतो, उणे दोन नसतो. धन पूर्णांकच हवेत म्हटलं की अनंतातली एक-दोन उत्तरं उरतात, कधी एकही नाही. तीन जणींचे बाक, पाच जणींचे बाक, मुली सतरा, जागा एकही रिकामी नाही. तिने लगेच केलं: तिघींचे चार, पाच जणींचा एक, दुसरं काही जमतच नाही. मग गप्प बसली. ती गप्प बसली की मला माझा पगार वसूल झाल्यासारखा वाटतो.

आप्पा बंदरावरच्या त्यांच्या दोस्ताकडे गेलेत, महिनाभर राहतो म्हणाले. मी पडल्याचं त्यांना कळवलेलं नाही, नाहीतर धावत येतील. जायच्या आधी डॉक्टरांनी त्यांना छातीचा फोटो दाखवला. चाळीस वर्षं बोगद्यांतून खाल्लेली दगडाची धूळ सगळी तिथे बसलीय. मी वचन घेतलंय, बोगद्याच्या तोंडाशीसुद्धा जायचं नाही. "बरं" म्हणाले. आप्पांचं "बरं" तुला माहीतच आहे.

आमच्या ड्रिलबहाद्दर जावईबापूंना विचारलंय म्हणून सांग.

तुझी ताई

५ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पडलीस आणि आठवडाभर कळवलं नाहीस. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तू त्याला अंगठे धरून उभं केलं असतंस. सूज असेल तर पाय उशीवर ठेव, बोटं निळी दिसली तर लगेच डॉक्टर. हे मी बहीण म्हणून नाही, नर्स म्हणून सांगतेय.

इथे सगळं ठीक. दवाखान्यात रोजचंच: डोळ्यात गेलेली खडी, चेंगरलेलं बोट, आणि काम टाळायला पोट धरून आलेला एक जण, त्याला मी एरंडेल दिलं. ह्यांची शिफ्ट सकाळची आहे. डोंगराच्या दोन्ही बाजूंनी खणत आलेत, आता मधे थोडाच खडक राहिलाय. हे म्हणतात, पलीकडच्या ड्रिलचा आवाज दगडातून ऐकू येतो. घरी येऊन भिंतीला कान लावून मला दाखवतात कसा येतो ते. बत्तिशी धुळीने पांढरी आणि चेहरा लग्नातल्यासारखा.

तुझ्या समीकरणांची आठवण कशाला करून दिलीस? दहावीत माझा पेपर तू तपासला असतास तर मी आज नर्स झाले नसते.

आप्पांची काळजी करू नकोस. मजेत आहेत. खोकलाही कमी आहे आता.

तुझी ठमी

९ फेब्रुवारी

ताई,

काल सकाळी बोगद्याचं छत खाली आलं. हे आत आहेत.

मी दवाखान्यात कापसाचे बोळे करत होते. कपाटातल्या बाटल्या एकमेकींवर आपटल्या. मला वाटलं, अवजड गाडी आली असेल. मग भोंगा वाजला आणि थांबेचना. बोगद्याच्या तोंडाजवळ काम करणारे सहा जण ओरखडे घेऊन आले, त्यांना पट्ट्या बांधल्या. सहाव्याची पट्टी बांधताना तो म्हणाला, "ताई, तुमचे अगदी पुढे होते." मी गाठ मारली आणि कात्रीने उरलेलं कापलं. मला रडू येत नाही. जांभया येतात, एकामागून एक. पुस्तकात वाचलं होतं की धक्क्याने असं होतं, पण ते दुसऱ्यांना होतं असं वाटायचं.

हजेरीप्रमाणे आत अकरा आहेत. ढिगारा किती लांब आहे ते नक्की माहीत नाही. पण हवेचा लोखंडी पाइप त्यातून गेलाय, तो चेपलाय पण तुटला नाही. दुपारी मुकादमांनी त्याला कान लावला आणि हात वर केला. आतून कुणीतरी पाइपवर ठोकतंय.

आप्पांनी शिकवलं होतं ते आठवतं? ताटावर चमच्याने वाजवून, आणि आई रागवायची? बोगद्यातल्या जुन्या लोकांची ती खूण. धडधाकट माणसाचे पाच ठोके, जखमीचे आठ. अजूनही सगळे तेच पाळतात. आतला एक जण सगळ्यांचे मिळून ठोकतो. पण माणसामाणसात जो थांबा घ्यायचा तो इथे कळत नाही. ठोकणारा दमतो, कुठेही थांबतो, पुन्हा सुरू करतो. मुकादमांनी नुसती बेरीज मोजली. बहात्तर. मोठी विश्रांती, मग पुन्हा बहात्तर. संध्याकाळपर्यंत प्रत्येक फेरीला बहात्तर.

साहेबांनी, म्हणजे इथल्या मुख्य इंजिनिअरनी, त्याचा अर्थ लावला. आठ नवे बहात्तर. नऊ जण जिवंत, नऊच्या नऊ जखमी. म्हणजे अकरातले दोन गेले.

ऑफिससमोर आम्ही अकरा घरच्या बायका उभ्या आहोत. कोण दोन ते कुणाला माहीत नाही. कुणी कुणाकडे बघत नाही.

सुटकेचे दोन मार्ग आहेत. एक अरुंद, माणूस सरपटत येईल एवढी पोलादी नळी ढिगाऱ्यात ढकलायची. ते लवकर होतं, पण शेवटचा सैल दगड आतल्या बाजूने काढावा लागतो, त्याला आत धडधाकट हात हवेत. सगळे जखमी असतील तर रुंद वाट खणायची, टेकू देत देत, स्ट्रेचर जाईल अशी. तिला फार वेळ लागेल, आणि हवा फार नाही. साहेबांनी रुंद वाट धरलीय.

तू एकदा बघशील का? साहेब हुशार आहेत, चुकले नसतील. तरी तू बघ.

ठमी

१० फेब्रुवारी

ठमे,

ट्रक खाली थांबलाय, म्हणून फक्त कामाचं लिहिते. बाकीचं काय लिहिणार. मला येता येत नाही आणि आले तरी त्या रस्त्यावर बाहेरच्यांना सोडत नाहीत, चौकशी केली.

तुमचे साहेब चुकले नाहीत, पण त्यांनी अर्धंच उत्तर बघितलं. धडधाकट किती ते एक अज्ञात, जखमी किती ते दुसरं. पहिल्याला पाचने गुणा, दुसऱ्याला आठने, बेरीज बहात्तर. आता एकेक बघ. जखमी एक धर, बहात्तरातून आठ गेले चौसष्ट, पाचाने भाग जात नाही. दोन धर, छप्पन्न, नाही. तीन, अठ्ठेचाळीस, नाही. चार, चाळीस. जातो. आठ वेळा. पाच धर, बत्तीस, नाही. पुढे चोवीस, सोळा, आठ, एकालाही जात नाही. नऊ धरलेस तर खाली शून्य उरतं, तेच साहेबांचं उत्तर.

दोन्ही अज्ञात धन पूर्णांक हवेत म्हटलं तर उत्तर एकच आहे. आठ धडधाकट, चार जखमी.

साहेब म्हणतील, शून्य का नको? शून्याला समीकरणाची हरकत नाही. पण ठोके मारणाऱ्या हाताची आहे. लोखंडावर दिवसभर, दर फेरीला न चुकता बहात्तर, हे छातीवर दगड पडलेला माणूस करील का? मला तरी पटत नाही. ठोकणारा धडधाकट आहे. म्हणजे निदान एक. आणि एकदा निदान एक म्हटलं की आठच.

अरुंद नळी घाला म्हणावं. आत आठ जोड्या हात आहेत.

एक गोष्ट जुळत नाही ती मलाही दिसतेय. आठ आणि चार बारा होतात, आणि हजेरीत अकरा आहेत. पण हजेरी माणसं घेतात आणि माणसं चुकतात. बारावा कोण ते शोधा.

ठमे, हे नीट वाच. बारा ठोकले गेलेत म्हणजे कुणीच गेलेलं नाही. तुझा नवरा जिवंत आहे. हे मी बहीण म्हणून धीर द्यायला सांगत नाही, गणित करून सांगतेय.

ताई

११ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मी ऑफिसात उभ्याने मोठ्याने वाचलं. "तुझा नवरा जिवंत आहे" तिथे कागद मुकादमांच्या हातात दिला, पुढचं त्यांनी वाचलं. बाहेर आले तर सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी नुसती मान हलवली. एकीने मला इतकं घट्ट धरलं की बांगडी फुटली. काल आम्ही एकमेकींचं वाईट चिंतत होतो ताई, कुणी बोलत नव्हतं एवढंच.

पण साहेब ऐकत नाहीत. वाईट माणूस नाही, दोन दिवस तेही झोपलेले नाहीत. म्हणाले, "तुमच्या बहिणीचं गणित बरोबर आहे. पण अकरा आत गेले, बारा कुठून येतील? बारावा नाही, म्हणून ते उत्तर खोटं. मग नऊच उरतात."

मी म्हटलं, "जखमी माणूस असं ठोकतो का?"

"पाय मोडलेला माणूस ठोकू शकतो. हात शाबूत असले की झालं. मी अरुंद नळी घातली आणि पलीकडे दगड काढायला कुणी नसलं, तर पुन्हा पहिल्यापासून. तेवढी हवा नाही. तुम्ही माझ्या जागी असता तर?"

मी म्हटलं, "मग आधी बारावा शोधू."

बारावा शोधला. स्वयंपाकी, झाडूवाले, पहारेकरी, पलीकडच्या शिफ्टचे, सगळे मोजले. सगळे आहेत. रात्रपाळीचा एक सापडत नव्हता, तो ट्रकखाली झोपलेला निघाला. त्याला जिवंत बघून लोक त्याच्यावरच चिडले.

रुंद वाटेचं काम चालू आहे. दोन टेकू लावून झाले, तिसरा लावताना वरून पुन्हा दगड आले.

ठोके अजून बहात्तरच.

ठमी

११ फेब्रुवारी

ठमे,

तुझ्या पत्राची वाट न बघता लिहितेय, कदाचित दोन्ही पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडतील.

आज दुपारी बंदरावरून आप्पांच्या दोस्ताचं कार्ड आलं. लिहिलंय, "तुझे आप्पा यायचे म्हणत होते, त्याचं काय झालं? खोली झाडून ठेवलीय."

मी ते तीनदा वाचलं. मुली समोर बसल्या होत्या, त्यांना घरी पाठवलं.

मग तुझं पाच तारखेचं पत्र काढलं. तू लिहिलंयस, खोकला कमी आहे. ठमे, त्यांचा खोकला कमी आहे हे तुला कसं कळलं?

रागावत नाही. रागवायला वेळ नाही. ते तुझ्याकडे आले होते का? आता कुठे आहेत?

ताई

१२ फेब्रुवारी

ताई,

आप्पा आत आहेत.

हे वाक्य लिहून मी बाहेर जाऊन आले. आता पुढचं लिहिते.

ते थेट माझ्याकडेच आले होते. "ताईला सांगू नकोस, ती मला वर्गाबाहेर उभं करील," म्हणाले. मला वाटलं, चार दिवस राहतील, लेकीच्या हातचं खातील, जातील. बोगद्याकडे फिरकू दिलं नाही मी. आठ तारखेला सकाळी पिशवी घेऊन निघाले, ट्रकने खाली जातो आणि तिथून बंदरावर. मी दारातून निरोप दिला आणि दवाखान्यात गेले. छत पडल्यावर माझ्या मनात आलं होतं, बरं झालं, आप्पा निघून गेले. ताई, मला हे बरं वाटलं होतं.

तुझं पत्र हातात आल्या आल्या ट्रकवाल्याकडे धावले. तो म्हणाला, "म्हातारबाबा? नाही बुवा. त्या दिवशी माझ्याबरोबर फक्त रिकामी पिंपं होती." मग पंपावरच्या माणसाला आठवलं. सकाळी ट्रॉलीत ह्यांच्या शेजारी एक म्हातारा बसला होता, ह्यांचं जुनं हेल्मेट घालून. हे त्याला म्हणाले होते, "सासरे आहेत. पलीकडचा आवाज एकदा ऐकवतो आणि लगेच परत आणतो." कुणी हजेरी मांडली नाही, पाहुण्याची कोण मांडणार? काल सगळीकडे शोधत होतो तेव्हा हा पंपवाला झोपेच्या गोळीवर होता. ती गोळी मीच दिली होती.

मी साहेबांकडे गेले. "बारावा सापडला," म्हटलं. त्यांनी खुर्ची दिली. मी बसले नाही.

तेवढ्यात मुकादम पाइपकडून आले. म्हणाले, "ठोके बदलले. पंचाहत्तर."

एक जण म्हणाला, वाढले म्हणजे चांगलं असेल. मी पट्ट्यांचा पुठ्ठ्याचा खोका ओढला आणि त्याच्यावर, तू केलं होतंस तसं, एकेक आठ काढत गेले. सदुसष्ट, एकोणसाठ, एक्कावन्न, त्रेचाळीस, पस्तीस. पस्तीसला पाचाने भाग जातो. सात धडधाकट, पाच जखमी. पुढे काहीच जमत नाही. जखमी शून्य धरले तर पंधरा धडधाकट, आणि एवढी माणसं कुठून आणणार. साहेब माझ्या खांद्यावरून बघत होते. त्यांनी खडू घेऊन भिंतीवर पुन्हा केलं. मग म्हणाले, "नऊ कुठेच बसत नाहीत." आणि थोड्या वेळाने, "बाराच आहेत. कालही बाराच होते." त्यांनी तिथल्या तिथे रुंद वाटेवरची माणसं काढून नळीवर लावली.

सगळे धावले. मी खोका धरून उभी राहिले, कारण मला दुसरी गोष्ट कळली होती. काल चार जखमी होते, आज पाच. जो धडधाकट होता त्याला काहीतरी झालंय. आणि मुकादम म्हणाले, "हातही बदलला बाई. आधीचा हात सावकाश होता, खांद्यातून ठोकायचा, जुन्या माणसासारखा. हा घाईचा आहे."

आधीचा हात कुणाचा होता ते तुला सांगायला नको.

ठमी

१३ फेब्रुवारी

ठमे,

मला काही लिहिता येत नाही. वर्गातल्या मुली आल्या होत्या, त्यांना कळलंय. गणित न करता बसल्या होत्या. एकीने पाणी आणून दिलं आणि ग्लास माझ्या हातात धरून ठेवला.

बारा आहेत. मी तेवढंच धरून आहे. आप्पा जखमी असले तरी आहेत, आणि तुझा नवरा आहे. तू खात जा.

ताई

१६ फेब्रुवारी

ताई,

तुला बातमी तारेने कळली असेल, "सर्व बाराही बाहेर काढले." ती तार ऑफिसने केली. ती खरी आहे, पण तुला जे वाटलं असेल ते खरं नाही. म्हणून हे पत्र.

नळी चौदा तारखेला दुपारी पलीकडे पोचली. आतून दगड सरकवल्याचा आवाज आला, मग एक हात दिसला, मग डोकं. पहिला आला तो प्लंबरचा मदतनीस, बाहेर आल्यावर त्याने पाणी मागितलं नाही, उजेडाकडे पाठ करून बसला. मी नळीच्या तोंडाशीच होते. एकेकाची नाडी, डोळे, पाय. धडधाकट आधी चार आले, तिघे मागे राहिले जखमींना नळीत ढकलायला. पाचवा जखमी. सहावा आप्पा.

आप्पा शुद्धीवर होते. ओठ दगडाच्या रंगाचे. श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मी ऑक्सिजन लावला, त्यांनी डोळे उघडून मला बघितलं आणि मिटून घेतले. मला वाटलं, थकलेत. मी म्हटलं, "आप्पा, हे कुठेत? मागे आहेत का?" त्यांनी डोळे उघडले नाहीत.

मग आणखी दोन जखमी आले. मग राहिलेले तिघे. त्यातला शेवटचा नळीतून बाहेर येऊन उभा राहिला आणि आत वाकून दोरी ओढायला लागला. दोरीला ताडपत्रीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. साहेबांनी टोपी काढली. मुकादम माझ्यासमोर येऊन उभे राहिले, मला दिसू नये म्हणून. मी त्यांना बाजूला केलं. तेवढं माझं कामच आहे.

मी मनगट धरलं. माणूस कधी गेला हे नर्सला कुणी सांगावं लागत नाही. ह्यांना जाऊन बरेच दिवस झाले होते. पहिल्या दिवशीच, ताई. छत पडलं तेव्हाच. पहिला ठोका पडायच्या आधी.

मी पुन्हा मोजलं. त्या क्षणी मी काय केलं असेल तर मोजलं. सात धडधाकट, चार जखमी आणि हे. पाचवा जखमी नव्हताच.

काल आप्पांच्या खाटेशी बसले होते. ते छताकडे बघत होते. मी विचारलं, "मेलेल्याला किती ठोके असतात, आप्पा?"

"त्याला ठोके नसतात, पोरी."

"मग तुम्ही ह्यांचे दिलेत ते?"

बराच वेळ खोकले. मग म्हणाले, "तू बाहेर उभी असणार हे मला माहीत होतं. पाइपला कान लावून असशील असं वाटायचं. पहिल्या फेरीला एकेकाचे ठोके देत त्याच्यावर आलो आणि हात थांबेना. आठ देऊन टाकले. एकदा दिल्यावर पुढच्या फेरीला कमी कसे करू? कमी केले असते तर तुला वाटलं असतं, आत्ता गेला." पुन्हा खोकले. "मी पडलो तेव्हा त्या पोराला सांगितलं, आकडा कमी होऊ द्यायचा नाही. मला आठ दे, पण त्याचेही राहू दे."

मी त्यांच्यावर रागवायचं ठरवून गेले होते. त्यांचा हात हातात घेतला तर तळव्याचं कातडं सगळं निघालेलं. ते मी धुतलं, मलम लावलं, पट्टी बांधली.

तू मला लिहिलं होतंस, तुझा नवरा जिवंत आहे, गणित करून सांगतेय. ते पत्र मी उशाशी घेऊन झोपत होते. ताई, तू स्वतःला त्रास करून घेऊ नकोस. तुझं गणित चुकलं नाही. बारा ठोकले होते, तू बारा मोजलेस. आप्पांच्या मनात काय चाललंय ते कुठल्या समीकरणात मांडणार होतीस? आणि त्या चार दिवसांत मी जेवले, कामं केली, हसलेसुद्धा एकदा. ते दिवस मला मिळाले ते तुम्हा दोघांमुळे. ते चांगलं झालं की वाईट, मला अजून कळत नाही.

आता एक गोष्ट, जिच्यासाठी मी हे पत्र ट्रकवाल्याला न देता रजिस्टरने पाठवतेय.

काल साहेब सांत्वनाला आले. जाताना ओसरीवर घुटमळले आणि म्हणाले, सांगू नये, पण डोक्यातून जात नाही. ह्यांचे आठ ठोके नसते तर पहिल्याच दिवशी बेरीज चौसष्ट आली असती. आठ धडधाकट, तीन जखमी. अकरा. हजेरीशी तंतोतंत जुळलं असतं. त्यांनी क्षणाचाही विचार न करता तेव्हाच अरुंद नळी घातली असती आणि सगळे चार दिवस आधी बाहेर आले असते. आप्पाही, स्वतःच्या पायांनी.

मी त्यांना म्हटलं, "हे तुम्ही आणखी कुणाला सांगितलंत?" म्हणाले, नाही. मी म्हटलं, "मग सांगू नका." त्यांनी मान हलवली. ते पाळतील.

डॉक्टर म्हणतात, आप्पांना पुढच्या आठवड्यात खाली हलवता येईल. तुझ्याकडेच येतील, मीही येईन, काही दिवस तरी. तोपर्यंत तू हे सगळं पाटीवर मांडून बघशील, मी तुला ओळखते. बहात्तर मांडशील, पंचाहत्तर मांडशील, आणि चौसष्टही मांडशील. माझी हरकत नाही. पण आम्ही यायच्या आधी पाटी पुसून ठेव. आणि आप्पांनी कधी आपणहून विचारलं की, "ते आठ दिले म्हणून काही बिघडलं का गं?", तर मी काय सांगायचं ते मी ठरवलंय. तूही तेच सांग. नाही म्हण.

ठमी